संतत काळातल्या यादृच्छिक प्रक्रियांसाठी नमपाय-सायपाय: आकडे चोख, व्याख्या तुमच्या तुम्ही सांभाळा

पायथनमध्ये पॉयसन प्रक्रिया (ठरावीक सरासरी दराने अचानक घडणाऱ्या घटनांची मोजणी), ब्राउनियन गती (सतत चाललेली यादृच्छिक हालचाल) किंवा मार्कोव्ह साखळी (फक्त आत्ताच्या स्थितीवरून पुढची स्थिती ठरणारी प्रक्रिया) चालवून बघायला नमपाय आणि सायपाय या गणिती लायब्रऱ्या पुरतात. फुकट आहेत, वेगवान आहेत. घोळ होतो तो शब्दांत, आणि चुकलात तरी एरर येत नाही.

पहिली ठेच 'स्केल'ची. दोन घटनांमधला यादृच्छिक वेळ काढणाऱ्या नमपायच्या एक्स्पोनेन्शियल फंक्शनला दर नको असतो, सरासरी हवी असते. तासाला ४ घटना हव्यात तर ०.२५ द्यायचे, ४ दिले की दोन घटनांत सरासरी ४ तास जातात. आर भाषेतलं फंक्शन दरच घेतं, त्यामुळे तिकडचा कोड उचलणारे हमखास फसतात. नॉर्मलमध्ये मात्र 'स्केल' म्हणजे प्रमाण विचलन, अर्थात व्हेरियन्सचं वर्गमूळ. ब्राउनियन गतीत ०.०१ च्या पायरीला व्हेरियन्स ०.०१ असतो, म्हणून तिथे ०.१ द्यायचं. ०.०१ दिलंत तर १०० पायऱ्यांनंतरचा व्हेरियन्स १ ऐवजी ०.०१ भरतो. आलेख तरीही अगदी खरा वाटतो, हीच पंचाईत.

खरी परीक्षा पॉयसनच्या मार्गाची, म्हणजे वेळेनुसार वाढत जाणाऱ्या मोजणीच्या आलेखाची. व्याख्येनुसार तो उजवीकडून संतत, डावीकडे सीमा असलेला: घटनेच्या क्षणी उडी मोजलेली असते. एखाद्या क्षणापर्यंतच्या घटना मोजायला वापरतात ते नमपायचं 'सर्चसॉर्टेड' न सांगता 'लेफ्ट' धरतं आणि त्या क्षणाची घटना वगळतं, म्हणजे हातात डावी सीमा येते. 'राइट' लिहायलाच हवं. चित्र काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबचीही तीच खोड: 'स्टेप' मुळात 'प्री' असतं, त्यामुळे ० पासून पहिल्या घटनेपर्यंत संख्या १ दिसते. घटना घडण्याआधीच मोजणी! 'पोस्ट' द्या.

मार्कोव्ह साखळीसाठी सायपायचं 'एक्स्पएम' (अख्ख्या मॅट्रिक्सचा घातांक काढणारं फंक्शन) उत्तम. जनक मॅट्रिक्सच्या (एका स्थितीतून दुसरीत जाण्याचे दर मांडणाऱ्या तक्त्याच्या) ओळी (-२, २) आणि (३, -३), वेळ ०.५: संभाव्यतांची पहिली ओळ ०.६३३, ०.३६७ येते, बेरीज १. चुकून नमपायचं साधं 'एक्स्प' लावलं तर प्रत्येक घटकाची वेगळी घात निघते. तीच ओळ ०.३६८, २.७१८. संभाव्यता २.७! जनकाच्या ओळींची बेरीज ० आहे का, हे 'एक्स्पएम' तपासत नाही. ती एक ओळ आपण लिहायची. काही पुस्तकं स्तंभांची बेरीज ० धरतात. तिथला मॅट्रिक्स आधी पालटून, म्हणजे ओळींचे स्तंभ करून, घ्या.

मोठ्या, बहुतांश शून्यांच्या मॅट्रिक्सला 'एक्स्पएम' जड जातं. त्यासाठी सायपायमध्येच 'एक्स्पएम-मल्टिप्लाय' आहे.