मोसंबीचा काटा आणि संभाजीनगरची लॅब

या लॅबला चार तारे देतोय. पाचवा जिन्यानं खाल्ला, ते शेवटी सांगतो.

अंबडकडं आमची मोसंबीची बाग. फळ उतरल्यावर सल, म्हणजे वाळक्या काड्या, काढताना उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या सांध्यात काटा मोडला. हळद दाबली, विसरलो. दीड महिन्यानं सांधा फुगला. ताप नाही, ठणका नाही, पण मूठ वळेना. एका दवाखान्यात बोट उघडून तुकडा काढला, तो अख्खा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या औषधात, टाकला. रिपोर्ट आला, टीबीसारखं दिसतंय. झाल्या गोळ्या सुरू. चार महिने लघवी तांबडी, बोट जसंच्या तसं. वर गावात बोभाटा, अण्णाला टीबी झालाय. घरात माझा चहाचा कप वेगळा निघाला.

दुसऱ्या ऑपरेशनच्या सकाळी पोरानं या लॅबला फोन लावला. तिकडच्या ताईंनी पैशाचं नंतर काढलं, आधी विचारलं, "डबीत काय भरणार आहेत?" फॉर्मॅलिननं जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही, अर्धा तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये वेगळा आणा, म्हणाल्या. मला लगेच पटलं. भाजलेलं बी पेरून काय उगवणार?

दुर्बिणीखाली जंतू टीबीसारखेच रंगलेले दिसले, पण सीबीनॅट, म्हणजे टीबीचाच जंतू ओळखणारी मशीनवरची तपासणी, निगेटिव्ह. तिथल्या डॉक्टर मॅडमनी तेवढ्यावर रिपोर्ट लिहिला नाही, थांबल्या. आठव्या दिवशी वाढ दिसली. टीबीचा जंतू उगवायला कित्येक आठवडे घेतो. हा निघाला मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम. टीबीचाच भाऊबंद, पण माती-पाण्यात राहणारा, माणसापासून माणसाला न लागणारा. टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना तो दाद देत नाही, म्हणजे माझे चार महिने गेलेच.

कोणतं औषध लागू पडतं तो तक्ता यायला अजून बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत फोन मात्र कुणी धड उचलला नाही. तक्ता बघून डॉक्टरांनी आधी अमिकासिनची इंजेक्शनं दिली, सोबत सिप्रोफ्लॉक्सासिन आणि कोट्रायमॉक्साझोल. हाडाला लागलंय म्हणून किमान सहा महिने. चौथा चालू आहे, छाटणीची कात्री धरता येतेय. कप अजून वेगळाच आहे, पण त्यात लॅबचा काय दोष?

आता जिना. लॅब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझं बोट होतं म्हणून निभावलं. गुडघ्याचा पेशंट असेल तर त्याला खालीच बसवा, डबी पोराच्या हाती वर पाठवा.