घरच्या मिक्सचे मास्टरिंग: स्वतः करावे, यंत्रावर सोपवावे की अभियंत्याकडे द्यावे?

घरच्या स्टुडिओत गाणे रेकॉर्ड करून त्याचे मिक्सही (सगळ्या ट्रॅकची एकत्र जुळवणी) स्वतःच केलेल्या माणसापुढे शेवटी तीन वाटा उरतात: मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरून फिरवायचा शेवटचा हात, स्वतः करावे, एखाद्या स्वयंचलित सेवेवर सोपवावे किंवा पैसे मोजून मास्टरिंग अभियंत्याकडून करून घ्यावे. या निवडीची चर्चा बहुधा प्लगइनच्या (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायच्या साधनांच्या) नावांभोवती फिरते. ईक्यू (स्वरपट्ट्या कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा) आणि लिमिटर (आवाजाला ठरलेल्या मर्यादेवर रोखणारा) ही साधने मात्र तिन्हीकडे थोड्याफार फरकाने तीच असतात. खरा फरक पडतो तो ऐकणाऱ्या कानांचा आणि ते कान ज्या खोलीत बसले आहेत त्या खोलीचा.

फ्लॅटमधली दहा बाय बारा फुटांची खोली घ्या. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनिलहरी अडकून दहा फुटांच्या बाजूला सुमारे ५६ हर्ट्झवर, तर बारा फुटांच्या बाजूला सुमारे ४७ हर्ट्झवर अनुनाद तयार होतो. भिंतीलगत हे स्वर फुगलेले ऐकू येतात आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसे होतात. स्पीकर डावे-उजवे सारख्या अंतरावर ठेवून आपण नेमके रुंदीच्या मध्यावर बसतो, त्यामुळे बेस गिटारचा किंवा डग्ग्याचा तळ कमी वाटतो, आपण तो वाढवतो आणि तेच गाणे गाडीत लावल्यावर दारे थरथरतात. मिक्स करताना झालेली ही चूक त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसून मास्टरिंग करताना सापडणे अवघड असते, कारण ती लपवणारी खोली तीच असते. कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड पॅनल लावल्याने फरक पडतो, पातळ फोमने खालच्या पट्टीत जवळपास काहीच पडत नाही. खोली सुधारणे शक्य नसेल, तर मागून उघडे असलेले चांगले हेडफोन आणि त्याच शैलीतली दोन-तीन ओळखीची गाणी, आवाज समपातळीवर आणून, तुलनेसाठी वापरणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

स्वतः मास्टरिंग करण्याचा सर्वांत मोठा फायदा पैशांचा नाही, तर मिक्सची फाईल अजून उघडी असण्याचा आहे. समजा गायिकेचा ‘स’ कानाला टोचतो आहे. संपूर्ण गाण्यावर डी-एसर (टोचणारा ‘स’ दाबणारे साधन) लावला, तर त्याच ५ ते १० किलोहर्ट्झच्या पट्टीत वाजणाऱ्या टाळांची चमकही प्रत्येक ‘स’बरोबर दबते. मिक्समध्ये परत जाऊन फक्त आवाजाच्या ट्रॅकवर डी-एसर लावला, तर टाळांना धक्का लागत नाही. घरी मास्टरिंग करणाऱ्याने मास्टरवरचा ईक्यू दोन-तीन डेसिबलच्या पुढे ढकलावासा वाटला की थांबून मिक्स उघडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आवाजाच्या पातळीची धास्ती मात्र बरीचशी अनाठायी आहे. स्पॉटिफाय नेहमीच्या मांडणीत गाणी –१४ लफ्सच्या (कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजणारे एकक; आकडा शून्याजवळ तितका आवाज मोठा) आसपास आणते, तर ॲपल म्युझिकची आवाज समपातळीवर आणणारी साउंड चेक सोय –१६ लफ्सच्या आसपास. लिमिटर दाबून –८ लफ्सपर्यंत नेलेले गाणे स्पॉटिफायवर सुमारे ६ डेसिबलने खाली येते, पण ढोलकीच्या थापेची लिमिटरने छाटलेली धार काही परत येत नाही. याचा अर्थ प्रत्येक गाणे –१४ वरच बसवावे असाही नाही. धार शाबूत राहील तिथे थांबावे आणि ट्रू पीक (ध्वनिलहरीचे खरे सर्वोच्च टोक) –१ डेसिबलच्या खाली ठेवावा, म्हणजे एमपी३सारख्या संकुचित फाईलमध्ये आवाज फाटण्याची शक्यता कमी होते. हे मोजण्यासाठी यूलीनचा मोफत मीटर पुरेसा आहे.

लँडर ही स्वयंचलित सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, आणि २०२३ च्या अखेरीपासून ॲपलच्या लॉजिक प्रो या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्येही मास्टरिंग असिस्टंट आहे. काही मिनिटांत, कमी खर्चात ऐकण्याजोगा निकाल मिळतो, आणि डेमोसाठी किंवा आठवड्याला एक गाणे टाकणाऱ्यासाठी तो पुरतो. पण यंत्र गाण्याचा आलेख, म्हणजे खालच्या-वरच्या स्वरपट्ट्यांचा तोल, एका अपेक्षित आलेखाकडे झुकवते. तानपुरा आणि पेटीवर उभ्या असलेल्या अभंगाचा शांतपणा त्याला उणीव वाटू शकतो. शिवाय गायकाचा आवाज मागे पडला आहे, हे बहुधा ते सांगत नाही. स्वतःच्या मास्टरशेजारी ठेवून ऐकायला मात्र हे निकाल फार उपयोगी पडतात. दोन्हींत तळाचा मोठा फरक दिसला, तर संशय आधी आपल्या खोलीवर घ्यावा.

अभियंत्याकडे पैसे द्यायचे ते ताज्या कानांचे आणि नीट बांधलेल्या खोलीचे. चांगला अभियंता मिक्स सदोष असेल, तर काम सुरू करण्याआधीच दुरुस्त्या सुचवतो. जो काहीही आले तरी मुकाट्याने मोठे करून पाठवतो, त्याच्यापेक्षा स्वयंचलित सेवा बरी. पाच-सहा गाण्यांचा संच असेल, तर गाण्यांचा परस्पर तोल, मधली शांतता आणि क्रम जमवणे हे काम घरी सर्वांत कठीण जाते, कारण तोवर आपण प्रत्येक गाणे कानाला बधिरता येईपर्यंत ऐकलेले असते.

म्हणून सुटे गाणे असेल आणि मिक्सवर आपला भरवसा असेल, तर स्वतःच करावे. पूर्ण अल्बम असेल किंवा गाणे दुसऱ्याच्या पैशावर होत असेल, तर अभियंता गाठावा. बजेट तोकडे असल्यास संचातले एकच गाणे आधी त्याच्याकडे द्यावे आणि बाकीची घरी त्याच्या शेजारी ठेवून जुळवावीत. पाठवताना मास्टर बसवरचा (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या शेवटच्या मार्गावरचा) लिमिटर काढलेली २४ बिटची वेव्ह फाईल द्यावी, आणि सोबत लिमिटर लावलेली आपली आवृत्तीही वेगळ्या नावाने जोडावी, म्हणजे आपला कान कशाला सरावला आहे ते त्याला कळते.