नागदेवी स्ट्रीटवरील वायर रोपचे दुकान

गावच्या वाडीत ओढ्यापलीकडून आंब्याच्या पेट्या आणण्यासाठी घरगुती रोपवे बांधायचा, म्हणून मी मुंबईतील नागदेवी स्ट्रीटवरील या दुकानात गेलो. ६० मीटर अंतर, १०० किलो भार आणि मध्यभागी ३ मीटर झोळ धरल्यास केवळ त्या भारामुळेच दोरावर सुमारे ५०० किलो ताण येतो आणि झोळ निम्मा केला तर ताण दुप्पट होतो, हे दुकानदारकाकांनी वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडून समजावले. दोराचे टोक दुमडून आवळणाऱ्या क्लिपचा यू-बोल्ट (इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा बोल्ट) दोराच्या मोकळ्या, म्हणजे भार न घेणाऱ्या टोकावरच बसला पाहिजे, हेही त्यांनी स्वतः पाना फिरवून दाखवले. कप्पीने मात्र निराशा केली. तिची खाच ८ मिलिमीटरच्या दोराला अरुंद पडून तारा घासत होत्या. ती त्यांनी बदलून दिली. या दोरावरून माणसे नेणार नाही, असे माझ्याकडून वदवून घेतल्यावरच त्यांनी बिल फाडले.