पाळत उघड झाल्यावर: पेनसिल्व्हेनिया आणि कॅनडा
अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या गृहसुरक्षा कार्यालयाने एका खासगी संस्थेकडून तयार करवून घेतलेल्या संभाव्य धोक्यांविषयीच्या गोपनीय पत्रकांत मार्सेलस शेल या नैसर्गिक वायू असलेल्या खडकाच्या थरातील वायूविहिरींना विरोध करणाऱ्यांच्या सभांचीही नोंद असे आणि ती वायू कंपन्यांपर्यंत पोहोचत. सप्टेंबर २०१० मध्ये हे उघड होताच गव्हर्नर एड रेंडेल यांनी जाहीर माफी मागितली. बिंग फुटल्यावरची का होईना, पण ती लोकांसमोर मागितलेली माफी होती. कॅनडात नॉर्दर्न गेटवे या प्रस्तावित तेलवाहिनीच्या विरोधकांवर गुप्तचर संस्थेने पाळत ठेवून माहिती ऊर्जा उद्योगाला पुरवल्याची तक्रार ब्रिटिश कोलंबियातील नागरी स्वातंत्र्य संघटनेने २०१४ मध्ये केली. गुप्तचर संस्थेवरील देखरेख समितीने बंद दाराआड सुनावणी घेऊन ती तक्रार फेटाळली, आणि त्या सुनावणीविषयी बोलण्यासही तक्रारदारांना मनाई होती.