आधी बाइ जुयी की सू शी?

चिनी दरबारातल्या एखाद्या कवी-अधिकाऱ्याचं आयुष्य त्याच्या कवितांसकट वाचायचं म्हटलं की ही दोन नावं समोर येतातच. बाइ जुयी तांग काळातला (७७२–८४६), सू शी उत्तर सोंग काळातला (१०३७–११०१). दोघंही परीक्षा देऊन वर चढले, दोघांनीही कवितेतून सरकारचे कान उपटले. दोघंही हांगचौचे कारभारी झाले.

नाट्य हवं असेल तर सू शीला तोड नाही. १०७९ मध्ये कवितांवरून अटक, मग ह्वांगचौला हद्दपारी, तिथे माळावर शेती, आणि साठीला टेकल्यावर थेट हायनान बेट. बाइचं त्या मानाने बेतानेच. ८१५ मध्ये राजधानीत मंत्र्याचा खून झाला, मारेकरी शोधा असा अर्ज याने घाईघाईने केला आणि ‘हे तुझं काम नव्हे’ म्हणून त्याचीच दूर बदली झाली. पुढे तो जपून राहू लागला. उतारवयातल्या कवितांत पगार आणि पडलेले दात जरा जास्तच येतात.

तरी माझं माप बाइकडे झुकतं, ते तळटीपांमुळे. आपण वाचणार अनुवादातूनच. सू शी मिठाच्या सरकारी मक्तेदारीवर लिहितो: संगीत ऐकून चव विसरलो असं थोडंच आहे, तीन महिने जेवणात मीठच नाही! संगीतात बुडालेल्या कन्फ्यूशियसला तीन महिने मांसाची चव कळली नव्हती, हे ठाऊक असेल तरच टोमणा बसतो. मी खालची टीप वाचून वर येईपर्यंत तो निवलेला असतो. आणि असं पानोपानी. त्याच्यावरच्या खटल्यात ही ओळही होती, म्हणजे टीप टाळून चरित्रही कळत नाही.

बाइचा कोळसेवाला म्हातारा बघा. अंगात पातळ कपडे, तरी थंडी वाढावी म्हणतो, कारण भाव पडायला नको. राजवाड्याची माणसं हुकूम दाखवून गाडीभर कोळसा नेतात आणि मोबदला म्हणून बैलाच्या डोक्याला थोडं रेशमी कापड बांधतात. इथे टीप कशाला हवी?

कारभारातही तो असाच सरळ. हांगचौ सोडताना त्याने तलावाच्या पाण्याचे नियम दगडावर कोरून ठेवले: दुष्काळात लोकांनी पाणी मागितलं तर कारभाऱ्याने स्वतः सही करून त्याच दिवशी सोडावं, कागद कचेरीतून तालुक्याला, तिथून गावाला जाईपर्यंत दहा दिवस जातात आणि पीक हातचं जातं. सू शीने पुढे त्याच तलावातला गाळ काढून लांबलचक बांध घातला, काम म्हणून ते कदाचित मोठं. मला तो दगड जवळचा वाटतो.

सू शी सोडू नका, फक्त दुसरा घ्या. तो स्वतः बाइचा चाहता. ‘दोंगपो’, म्हणजे पूर्वेचा उतार, हे सू शीचं टोपणनावही बाइच्या कवितांतून उचललं असं मानतात. या क्रमाने गेलात तर निदान तेवढ्या टीपा वाचतील.