गॅरेज नसेल तर बाईक बाहेर ठेवायची कशी? उघडी, कव्हर, फोल्डिंग शेड की पत्र्याचं छप्पर

बाईक ठेवायला बंद जागा नसेल तर फिरून फिरून चारच पर्याय समोर येतात, उघड्यावर तशीच लावायची, कव्हर घालायचं, तंबूसारखी उघडबंद होणारी फोल्डिंग शेड घ्यायची नाहीतर खांब रोवून वर पत्रा टाकायचा. बहुतेक लोक पावसाला घाबरून निर्णय घेतात आणि कव्हर घेताना "पूर्ण वॉटरप्रूफ आहे ना" एवढंच विचारतात. माझं मत वेगळं आहे. मोटरसायकल भिजण्यासाठीच बनवलेली असते, पाऊस पडला, मग वारा सुटला, ऊन आलं की ती आपोआप वाळते, खरं नुकसान होतं ते ओल आत कोंडून राहते तेव्हा. त्यामुळे कुठलाही पर्याय बघताना मी आधी हेच बघतो की इथे ओली झालेली गाडी किती लवकर सुकेल.

सगळ्यात आधी ज्याला मी सरळ नाही म्हणेन ते सांगतो, म्हणजे ताडपत्री किंवा साधं प्लास्टिकचं कव्हर गाडीला गच्च गुंडाळून ठेवणं. पाणी वरून येत नाही हे खरंय पण खालच्या जमिनीतून वाफ येतच असते, आणि रात्री गाडीचं लोखंड थंड झालं की तीच वाफ टाकीवर, इंजिनवर, कव्हरच्या आतल्या बाजूवर थेंब होऊन बसते. रात्रभर पाऊस नसतानाही सकाळी असं कव्हर उचलून बघा, आतून हात फिरवला तर ओला होतो, आरशाच्या दांड्यावर थेंब, स्पोकच्या मुळाशी ओल, आणि असं काही आठवडे चाललं की नटबोल्टच्या कडेने नारिंगी रेघ उमटायला लागते, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, सीटच्या शिवणीत बुरशी. मातीवर किंवा गवतावर गाडी उभी असेल तर हे आणखी वाढतं. तात्पुरतं, म्हणजे एखादी वादळी रात्र काढायला, ताडपत्री ठीक आहे पण पाऊस थांबला की काढायची.

मग चांगलं कव्हर. इथे वॉटरप्रूफपेक्षा हवा जाऊ देणारं कापड बघा, किंवा कापड जाड असेल तर वरच्या बाजूला झडप असलेली हवेची भोकं हवीत, पाणी आत न येता वाफ बाहेर जाईल अशी. टाकी आणि काचेला लागणारा भाग आतून मऊ असावा, सायलेन्सरजवळ उष्णता सोसणारा पट्टा असावा, खाली इलॅस्टिक तर हवंच पण त्याशिवाय गाडीच्या पोटाखालून घ्यायचा पट्टाही हवा. हा पट्टा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण कव्हर वाऱ्यावर फडफडलं की आत अडकलेली धूळ रंगावर पॉलिश पेपरसारखी घासत राहते, आणि टाकीच्या कडा, आरशांच्या मागची बाजू, मडगार्ड हे सगळं हळूहळू मॅट होऊन जातं. लोक म्हणतात कव्हरने रंग खराब केला, बऱ्याचदा ते धुळीने आणि वाऱ्याने मिळून केलेलं असतं. साइज पण मापातच घ्या, मोठं घेतलं की जास्त फडफडतं, आणि मागे बॉक्स किंवा पुढे उंच काच असेल तर ते धरून माप काढा.

कव्हरची खरी अडचण कापडात नसते, शिस्तीत असते. गाडी लावल्या लावल्या घालता येत नाही, सायलेन्सर गरम असतो, कापड वितळून त्यावर चिकटतं आणि तो डाग खरवडत बसावं लागतं. गाडी ओली असेल तरी लगेच घालायचं नाही. म्हणजे पावसातून घरी आलात तर थांबायचं, पुसायचं, मग घालायचं, आणि सकाळी कामाच्या घाईत ओलं कव्हर काढून घडी घालून ठेवायचं कुठे हाही प्रश्न आहेच. रोज दोनदा हे करणारे लोक मी फार कमी बघितलेत, थोड्या दिवसांनी कव्हर डिकीत किंवा कोपऱ्यात पडून राहतं.

म्हणून रोज गाडी चालवणाऱ्याला मी उघडी ठेवण्याचा सल्लाही बिनधास्त देतो, फक्त जागा नीट निवडा. रोज चालणारी गाडी इंजिनच्या उष्णतेनेच सुकते, बॅटरी चार्ज होत राहते, चेनवर तेल फिरत राहतं. तिचा शत्रू ऊन आहे. उन्हाने सीटचं रेक्झिन कडक होऊन तडकतं, काळं प्लास्टिक पांढुरकं पडतं, लाल रंग फिका होतो, टायरच्या बाजूला बारीक भेगा येतात. अशावेळी दुपारी सावली देणारी भिंत मिळाली तर अर्धं काम झालं, आणि सीटपुरतं छोटं कव्हर घालायला काही त्रास नाही. भिंतीला वर छोटा सज्जा असेल तर आणखी चांगलं कारण दव मोकळ्या आकाशाखाली जास्त पडतं, रात्री धातू आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षाही थंड होतो, वर काहीतरी आडोसा असला की ते बरंच कमी होतं. झाडाखाली मात्र विचार करून लावा, सावली मिळते पण चीक गळतो, पक्ष्यांची विष्ठा पडते आणि ती उन्हात रंगावर वाळली तर डाग कायमचा बसू शकतो, दिसली की पाण्याने भिजवून काढायची, कोरडी खरवडायची नाही.

समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी हा हिशोब बदलतो. खारी हवा उघड्या गाडीला रोज खाते, तिथे आठवड्यातून एकदा तरी गोड्या पाण्याने धुणं आणि सुकल्यावर बोल्ट, फ्रेमचे कोपरे, खालची बाजू यांवर गंजरोधक स्प्रे मारणं भाग आहे (ब्रेकच्या डिस्कवर चुकूनही नाही, टायरवर पण नाही), आणि मीठ न धुता वर कव्हर घातलं तर उघडी बरी होती म्हणायची वेळ येते.

आता फोल्डिंग शेड, लोखंडी कमानींवर कापड ताणलेलं असतं आणि एका बाजूने उचलून मागे ढकललं की उघडते. हिचा मोठा फायदा म्हणजे कापड गाडीला लागतच नाही, त्यामुळे घासणं नाही, आणि भिंतींपासून अंतर ठेवून गरम सायलेन्सर आणि ओल्या गाडीसकट आत लावता येते. वापरायला एवढी सोपी असल्यामुळे लोक ती खरंच रोज वापरतात, कव्हरसारखी कोपऱ्यात जात नाही. जागा मात्र गाडीपेक्षा बरीच जास्त लागते, हँडलची रुंदी मोजा, मग स्टँड लावून तुम्ही बाजूला उतराल तेवढी जागा मोजा, आणि कमान मागे पडते तेव्हा भिंतीला लागते का तेही बघा. दुसरी गोष्ट वारा. पोकळ आणि हलकी असल्यामुळे जोराच्या वाऱ्यात ती उडते, गाडीवर आपटते, त्यामुळे काँक्रीटमध्ये बोल्टने पक्की करता येत नसेल तर मी घेणार नाही. भाड्याच्या जागेत किंवा सोसायटीत राहत असाल तर बोल्ट मारायच्या आधी परवानगी विचारा. आणि कापड उन्हाने विरतं, सांगाडा टिकला तरी कापड बदलावं लागणार हे धरून चला, सुटं कापड मिळणारं मॉडेलच निवडा.

स्वतःची जागा असेल तर पत्र्याचं छप्पर मला सगळ्यात आवडतं, तेही बाजू मोकळ्या ठेवून, फक्त ज्या बाजूने पाऊस झोडपतो तिकडे एक आडोसा. हवा खेळती राहते, ऊन अडतं, कापड बदलायची भानगड नाही. पत्र्याच्या खालच्या बाजूला पहाटे पाणी धरून टपटपतं, म्हणून उतार नीट द्या आणि जमलं तर खाली इन्सुलेशनचा थर लावा. चारी बाजू बंद करून दार लावलं तर चोरीला आळा बसतो हे मान्य, पण मग खाली आणि वर हवेला वाट ठेवलीच पाहिजे, नाहीतर ती पेटी दिवसा तापते आणि रात्री आतून ओली होते, म्हणजे प्लास्टिकच्या कव्हरचाच प्रकार मोठ्या मापात.

सरळ सांगायचं तर रोज चालवणार असाल तर सज्जाखाली उघडी किंवा फोल्डिंग शेड, आठवड्यातून एकदोनदा चालवणार असाल तर हवा जाऊ देणारं चांगलं कव्हर, आणि महिनोन्महिने उभी राहणार असेल तर मोकळ्या बाजूंचं छप्पर आणि त्याखाली पातळ, श्वास घेणारं कव्हर. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर पैसे छपरात घाला, कव्हरमध्ये नाही.

महिनोन्महिने उभी राहणाऱ्या गाडीची तयारी मात्र कुठल्याही पर्यायात तीच. टाकी लोखंडी असेल तर पेट्रोल काठोकाठ भरा म्हणजे आत हवा आणि ओल राहायला जागा उरत नाही, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं म्हणून त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव) टाका आणि थोडी चालवून तो पुढपर्यंत पोचू द्या, कार्ब्युरेटर असेल तर त्यातलं पेट्रोल काढून टाका. बॅटरीचं आधी निगेटिव्ह काढायचं मग पॉझिटिव्ह, आणि बॅटरी घरात आणून मीटर लावायचा, साध्या लेड ॲसिडला पूर्ण चार्जवर 12.6 व्होल्ट किंवा थोडं जास्त दिसतं, 12.4 वर आलं की चार्जिंगला लावा, लिथियम असेल तर चार्जर तिचाच वापरा. टायरमध्ये हवा पूर्ण भरा, डबल स्टँड असेल तर त्यावरच उभी करा.

आणि एक सवय कृपा करून सोडा, दर रविवारी पाच मिनिटं नुसतं स्टार्ट करून बंद करणं. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, सायलेन्सर पुरता तापलाच नाही तर ते आतच थंड होऊन साचतं, ऑइलमध्येही जातं, आणि पाच मिनिटांत बॅटरीने स्टार्टरला दिलेला करंटही बहुधा परत भरून येत नाही. एकतर चांगली अर्धा तास फिरवून आणा नाहीतर हातच लावू नका.

उंदरांचं पण बघा, कव्हरखालची शांत उबदार जागा त्यांना फार आवडते, एअर फिल्टरच्या डब्यात घरटं करतात आणि वायरी कुरतडतात, त्यामुळे कव्हर जमिनीपर्यंत लोळू देऊ नका, एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, सायलेन्सरचं तोंड बुजवलं असेल तर हँडलला चिठ्ठी बांधा म्हणजे स्टार्ट करायच्या आधी आठवेल. साइड स्टँडखाली मातीत किंवा उन्हाने मऊ पडणाऱ्या डांबरावर लाकडी फळीचा तुकडा ठेवा, स्टँड रुतून गाडी आडवी झाली की टाकीला पोचा आणि लिव्हर तुटलेली. चोरी टाळायला जमिनीत अँकर (साखळी अडकवायचा पक्का लोखंडी आकडा) रोवून त्यातून जाड साखळी फ्रेममध्ये घाला, नुसत्या पुढच्या चाकात नको, चाक सोडून बाकी गाडी नेता येते. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका, खाली टेकलेली कडी हातोड्याने फोडायला सोपी जाते, वर ताणलेली तशी फुटत नाही.