मास्टोडॉनवरचा बोली शब्दांचा समूह आणि आमच्या स्क्रिप्ट : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

नोव्हेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आल्यावर भारतातून अनेकांनी मास्टोडॉन या ट्विटरसारख्याच समाजमाध्यमावर खाती उघडली. मीही तेव्हाच उघडले होते, पण आठवडाभर जवळजवळ रिकामी टाइमलाइन पाहून सोडून दिले. पुन्हा तिकडे वळलो तो चौदा महिन्यांपूर्वी. शेतीतले बोली शब्द गोळा करणाऱ्या आम्हा काही जणांना कोणत्याही कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसलेली जागा हवी होती. आम्ही वर्गणी काढून एक लहान सर्व्हर भाड्याने घेतला, त्यावर मास्टोडॉन बसवले आणि तेव्हापासून आमच्या गरजेप्रमाणे लहानमोठ्या स्क्रिप्ट, म्हणजे ठरावीक काम आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, लिहून ते वळवत आलो आहोत. असा समूह उभा करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मास्टोडॉन हे ऑयगेन रोख्को यांनी २०१६मध्ये आणलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. हजारो स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी ॲक्टिव्हिटीपब या प्रमाणित पद्धतीने बोलतात आणि २०१८पासून तिला वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेची शिफारस आहे. येथे मुख्य टाइमलाइनवर लेखन काळाच्या क्रमाने येते आणि तुमच्यापुढे काय ठेवायचे हे कोणी पडद्याआडून ठरवत नाही. मला ही गोष्ट मनापासून आवडते, पण तिची दुसरी बाजू नवख्या माणसाला सोसावी लागते. आपल्या सर्व्हरवरील कोणी ना कोणी ज्यांना फॉलो करते, मुख्यतः त्यांचेच लेखन आपल्याकडे पोहोचते. मोठ्या सर्व्हरवर हे जाणवत नाही. आमच्यासारख्या मूठभरांच्या सर्व्हरवर मात्र जग ओस पडल्यासारखे वाटते. त्यामुळे माणसे एकमेकांना सापडण्याचा खरा मार्ग उरतो तो हॅशटॅगचा. नोव्हेंबर २०२२मधल्या ४.० या आवृत्तीपासून हॅशटॅगही फॉलो करता येतो आणि आमची सगळी मांडणी याच सोयीवर उभी आहे.

नेमकी येथेच मराठीची एक अडचण पहिल्या महिन्यात पुढे आली. यवतमाळकडच्या एका निवृत्त शिक्षिकेने ‘वऱ्हाड’ हा हॅशटॅग लावून चार दिवस शब्द लिहिले आणि एकही लेखन त्या हॅशटॅगखाली दिसेना. पडद्यावर अक्षरे तंतोतंत सारखी होती. शेवटी त्यांचा मजकूर एकेका चिन्हात उलगडून पाहिला, तेव्हा कारण सापडले. माझ्या कीबोर्डवरून ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व त्याला हलन्त अशी जोडी जात होती. त्यांच्या कीबोर्डवरून साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह जात होते. वाचणाऱ्याला शब्द एकच, यंत्राला मात्र दोन. ‘ॲ’चीही तीच गत आहे : काही कीबोर्ड एकसंध अक्षर पाठवतात, तर काही ‘अ’वर वेगळा चंद्र ठेवतात. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची जी नेहमीची पद्धत (सामान्यीकरण) आहे, तीही ही रूपे एक करत नाही, हे मला तोवर माहीत नव्हते.

यावर उपाय म्हणून आम्ही पहिली युजरस्क्रिप्ट, म्हणजे वेबपानात आपल्या सोयीचे बदल करणारी स्क्रिप्ट, लिहिली. ब्राउझरमध्ये व्हायोलंटमंकी किंवा टँपरमंकी हे विस्तारक बसवले की अशी स्क्रिप्ट आपल्या सर्व्हरच्या पानावर आपोआप चालते. अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्येही ती चालते आणि आमच्या बहुतेक सदस्यांकडे फक्त फोनच असल्यामुळे हे महत्त्वाचे ठरले. लिहिण्याच्या चौकटीतील हॅशटॅग पाठवण्यापूर्वी एकाच रूपात आणणे आणि जिल्हा व अवजार यांचे ठरलेले हॅशटॅग एका स्पर्शात जोडणारी बटणे देणे, एवढेच तिचे काम. पहिल्या प्रयत्नात बटण दाबले की शब्द चौकटीत दिसत, पण पाठवलेल्या लेखनात नसत. मास्टोडॉनचे पान रिॲक्ट या वेबपाने बांधण्याच्या साधनावर उभे आहे. चौकटीतील मजकूर बाहेरून बदलला तरी ‘येथे काही टाइप झाले’ अशी सूचना पानाला मिळाली नाही, तर ते आपल्याजवळची जुनी नोंदच खरी धरते. ती सूचना देणाऱ्या दोन ओळी सापडायला मला तीन रात्री लागल्या. असे काम हाती घेणाऱ्याने ही गोष्ट आधीच लक्षात ठेवावी.

या बटणांचा परिणाम मात्र मी कल्पिला होता त्याहून चांगला झाला. साताऱ्याच्या एका सदस्याने ज्वारीच्या ओळींत चाललेल्या कोळपणीचे छायाचित्र टाकले आणि त्याला अवजाराचा हॅशटॅग लागल्यामुळे ते विदर्भातल्या मंडळींपर्यंत गेले. ‘आमच्याकडे याला डवरणी म्हणतात आणि अवजार डवरा’ असे उत्तर आले. त्यावरून कुळव आणि वखर यांची चर्चा सुरू झाली, मग तिफण आणि पाभर यांत फरक काय यावर दोन दिवस पानेच्या पाने भरली. बोलणारी माणसे आधीपासूनच तेथे होती. त्यांना एकमेकांचे लेखन दिसत नव्हते.

याच्या उलट अनुभव स्वागताच्या स्क्रिप्टचा आला आणि त्याची जबाबदारी पूर्णपणे माझी आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या मास्टोडॉन-डॉट-पीवाय या तयार कोडसंग्रहाच्या (लायब्ररीच्या) साहाय्याने मी एक स्वयंचलित खाते चालवले होते. आमचा हॅशटॅग वापरणाऱ्या प्रत्येकाला ते नाव घेऊन स्वागताचा संदेश पाठवत असे. पाच मिनिटांत तीनशे विनंत्यांची मर्यादा मी पाळली होती, खात्यावर ‘स्वयंचलित’ अशी खूणही केली होती. पण ज्यांना यंत्राकडून संदेश नको असतात ते आपल्या परिचयात ‘नोबॉट’ हा हॅशटॅग लिहितात, हा संकेत मी तपासलाच नव्हता. एका मोठ्या सर्व्हरवरील लोकांनी तक्रारी केल्या आणि त्यांच्या व्यवस्थापकाने आमच्या सर्व्हरवर मर्यादा घातली. त्यामुळे काही आठवडे आमच्या कोणाचेच लेखन तेथील सार्वजनिक टाइमलाइनवर दिसत नव्हते. मी स्क्रिप्ट बंद केली, क्षमा मागितली आणि यथावकाश मर्यादा उठली. त्यांचा निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. नव्या माणसाचे स्वागत आता आमच्यापैकी कोणीतरी स्वतः, त्याने लिहिलेला शब्द वाचून करते, आणि त्याला उत्तर येते. यंत्राच्या संदेशांना क्वचितच येत असे.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात सांगतो. युजरस्क्रिप्ट तुमच्या लॉगिन केलेल्या पानावर चालते, म्हणजे तुम्हाला दिसते ते सारे तिलाही दिसते. म्हणून ती कोणत्या पत्त्यावर चालावी हे सांगणाऱ्या ओळीत फक्त आपल्या सर्व्हरचा पत्ता ठेवावा आणि दुसऱ्याची स्क्रिप्ट वाचल्याशिवाय बसवू नये. युजरस्क्रिप्ट जिथे मिळतात त्या ग्रीझी फोर्क या संकेतस्थळावर स्क्रिप्टचा कोड दुर्बोध करून ठेवण्यास मनाई आहे, ही मोठी सोय आहे. पायथनच्या स्क्रिप्टला टोकन, म्हणजे खात्यात शिरण्याची किल्ली, देतानाही तिला लागेल तेवढीच परवानगी द्यावी. केवळ वाचणाऱ्या स्क्रिप्टला लिहिण्याचा अधिकार कशासाठी हवा?

देखभाल हा या मार्गातला खरा खर्च आहे. सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेला त्या दिवशी आमची बटणे नाहीशी झाली, कारण पानाच्या रचनेतील ज्या नावांवर आम्ही विसंबलो होतो ती बदलली होती. एपीआयवर, म्हणजे प्रोग्रॅमसाठी सर्व्हरने ठेवलेल्या ठरलेल्या दारातून, चालणाऱ्या स्क्रिप्ट मात्र विनातक्रार चालू राहिल्या, म्हणून शक्य ते सर्व काम आम्ही हळूहळू तिकडे हलवले. इतर सर्व्हरवरून येणारी छायाचित्रे साठून डिस्क भरत असे. सात दिवसांपूर्वीची साठवण रोज पहाटे पुसणारी एक ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सर्व्हरवरील सोयीत) घातल्यावर तो प्रश्न मिटला. चर्चांमधली हरवलेली उत्तरे ओढून आणण्यासाठी आम्ही फेडीफेचर ही एका वापरकर्त्याने लिहून खुली ठेवलेली स्क्रिप्ट वापरत होतो आणि लहान सर्व्हरवरचा ओसाडपणा तिने खरोखर कमी केला. पुढे ४.५ या आवृत्तीत उत्तरे आणण्याची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली, तेव्हा आम्ही फेडीफेचर कृतज्ञतेने थांबवली.

आता राहिली ती रोज सकाळी सातला एक शब्द टाकणारी स्क्रिप्ट. वर्षभर तिने एकही दिवस चुकवला नाही आणि तिच्या शब्दाखालीच आमच्या बहुतेक चर्चा सुरू झाल्या. गेल्या महिन्यात सदस्यांनीच सुचवले की शब्द आपण पाळीपाळीने देऊ. आता ती स्क्रिप्ट शब्द टाकत नाही. उद्या पाळी कोणाची आहे, एवढे ती ज्याचे त्याला आदल्या संध्याकाळी कळवते. उद्याची पाळी यवतमाळच्या त्याच बाईंची आहे.